पहिले एकल प्रदर्शन: गुऱ्हाळघरांची जलरंगचित्रे कोल्हापुरात मांडताना

प्रश्न (जलरंगी, करवीर)

नमस्कार. मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत कलाशिक्षिका आहे. ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) झाल्यापासून नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी जागेवर बसून जलरंगात चित्रे करण्याचा परिपाठ मी सोडलेला नाही. येत्या जानेवारीत दसरा चौकातील शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात माझे पहिले एकल प्रदर्शन भरवण्याचे ठरले असून दालनाची तारीखही निश्चित झाली आहे. आजवर समूह प्रदर्शनांत एखाददुसरे चित्र लावले होते. परंतु सर्व भिंती एकटीने भरायच्या म्हटल्यावर अनेक प्रश्न उभे राहिले आहेत.

माझ्याजवळ दाखवण्याजोगी साठाच्या आसपास चित्रे आहेत. त्यांत पंचगंगेचा घाट आहे, जोतिबाचा डोंगर आहे, खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचे खांब आहेत, गगनबावड्याचा पाऊस आहे. पण जवळजवळ निम्मी चित्रे करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतील गुऱ्हाळघरांची आहेत: काहिलीवरून, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईवरून, उठणारी वाफ, चुलवाणाचा जाळ, वाळत घातलेले उसाचे चिपाड, वाफ्यात (पाक थंड करायच्या हौदात) ओतलेला पाक, भिंतीशी रचलेले गुळाचे रवे (ढेपा). ही चित्रे मला सर्वांत जवळची वाटतात. घरच्यांचे आणि सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की एवढी संधी मिळाली आहे तर सर्व प्रकारची चित्रे लावावीत, आणि घाट व रंकाळा तर हवेतच, कारण कोल्हापुरात तीच चित्रे विकली जातात. चित्रांची निवड कशी करावी, फ्रेम कशा करून घ्याव्यात, किमती कोणत्या हिशेबाने ठरवाव्यात आणि उद्घाटनाचे काय करावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर १ (कुंचला, पुणे)

ताई, प्रथम अभिनंदन. बाकीचे प्रश्न निवडीच्या प्रश्नावर अवलंबून आहेत, म्हणून मी तेवढ्यावरच लिहितो.

आधी दालनात जाऊन टेपने भिंती मोजा. हाफ इंपिरियल, म्हणजे १५ × २२ इंचांचे आडवे चित्र घेतले, त्याला चारही बाजूंनी तीन इंचांचा माऊंट (चित्राभोवतीचा कापलेला पुठ्ठा) आणि फ्रेमची एक इंचाची पट्टी धरली, तर फ्रेम २३ × ३० इंचांची होते. दोन फ्रेममध्ये दीड फूट अंतर ठेवले की एका चित्राला चार फूट भिंत लागते. शंभर फूट भिंत मिळाली तरी पंचवीसच चित्रे मावतात, आणि दारे, खिडक्या, कोपरे वजा केले तर त्याहूनही कमी. साठ चित्रे लावायची असतील तर एकाखाली एक रांगा कराव्या लागतील, आणि मग खालच्या रांगेसाठी माणूस वाकणार व वरच्या रांगेसाठी मान वर करणार. असे पाहणारा कोणत्याही चित्रासमोर थांबत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की फक्त गुऱ्हाळघरे लावा. कोल्हापूरच्या प्रेक्षकाची नजर निसर्गचित्रावर पोसलेली आहे. आबालाल रहिमान १९३१ साली गेले. कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा ही स्थळे त्यांनी इतक्या आत्मीयतेने रंगवली, की त्यानंतरच्या प्रत्येक पिढीतील चित्रकाराला त्या घाटावर बसावेसे वाटले. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचे कलासंग्रहालय आहे, तिथेही निसर्गचित्रांचा मोठा ठेवा आहे. या शहरातला जाणता रसिक घाटाचे आणखी एक चित्र कौतुकाने पाहील आणि पुढे जाईल. गुऱ्हाळाच्या वाफेपुढे मात्र तो थांबेल, कारण ती त्याने आयुष्यभर पाहिलेली असूनही भिंतीवर फारशी पाहिलेली नाही. जलरंगाच्या दृष्टीनेही हा विषय कस पाहणारा आहे. वाफ पांढरा रंग लावून दाखवता येत नाही, तिच्यासाठी कागद कोरा राखावा लागतो, आणि त्या कोऱ्या कागदाच्या कडा ओल्या रंगात कुठे विरघळू द्यायच्या व कुठे धरून ठेवायच्या याचा निर्णय क्षणात घ्यावा लागतो. ही एकच अडचण वीस चित्रांत वीस प्रकारे सोडवलेली दिसली, तर पाहणाऱ्याला चित्रकाराच्या हाताचा खरा अंदाज येतो. साठ वेगवेगळ्या विषयांत तो येत नाही.

निवड घरात टेबलावर करू नका. शाळेचा एखादा वर्ग रविवारी मोकळा मिळाला तर सर्व चित्रे भिंतीला टेकवून जमिनीवर मांडा आणि दहा फुटांवरून पाहा. जे चित्र दुरून उभे राहत नाही, ते जवळून कितीही बारकाईचे असले तरी बाजूला ठेवा. आपली बाजू न घेणाऱ्या एका माणसाला त्या वेळी सोबत घ्या. एखादे चित्र करताना आपण उन्हातान्हात किती हाल सोसले हे आपल्याला आठवत असते आणि त्यामुळे ते चित्र सोडवत नाही; पाहणाऱ्यासमोर मात्र फक्त कागद असतो.

उत्तर २ (चौकटकार, सांगली)

मी फ्रेमिंगच्या व्यवसायात आहे. जानेवारीत प्रदर्शन असेल तर फ्रेम दिवाळीपूर्वी करून घेऊ नका. पावसाळाभर आपल्याकडच्या हवेतील ओल कागदात मुरलेली असते. तो दमट कागद काचेआड बंद केला की बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात आणि ते पुढे निघत नाहीत. हवा कोरडी झाल्यावर, चित्रे काही दिवस पंख्याखाली सपाट ठेवून मगच कामाला द्यावीत. त्याआधी प्रत्येक चित्राचे चांगले छायाचित्र दिवसाच्या उजेडात, काचेशिवाय काढून ठेवा, कारण काच बसल्यावर तसे छायाचित्र पुन्हा मिळत नाही.

माऊंटवर काटकसर करू नये. साध्या पुठ्ठ्यातील आम्लामुळे कापलेली कड काही वर्षांत पिवळी पडते आणि चित्राच्या कागदावरही करपल्यासारखी रेघ उमटते. आम्लरहित माऊंट महाग पडतो, तरीही तोच घ्या. जलरंगाच्या चित्रात माऊंट केवळ शोभेसाठी नसतो. तो कागद आणि काच यांच्यात हवेची फट राखतो. ही फट नसेल तर ओलाव्याने रंग काचेला चिकटतो. चित्र माऊंटला सेलोटेपने कधीही चिकटवू देऊ नका. वरच्या कडेला पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्या पिठाच्या खळीने लावल्या, की चित्र लोंबते राहते आणि हवामानाप्रमाणे कागदाला आकसायला व पसरायला वाव मिळतो. पाठीमागे हार्डबोर्डऐवजी सनबोर्ड, म्हणजे प्लास्टिक फोमचा बोर्ड, घ्यावा, तो ओल धरत नाही.

दोन मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन चौरस मीटरला सुमारे पाच किलो असते. २३ × ३० इंचांच्या फ्रेममध्ये नुसती काचच सुमारे दोन किलो भरते. त्यामुळे मागे पातळ सुतळी चालणार नाही. दोन्ही उभ्या पट्ट्यांना डी-रिंग (इंग्रजी D आकाराच्या कड्या) आणि त्यांमध्ये चांगली नायलॉनची दोरी किंवा तार हवी. ॲक्रिलिकचे वजन काचेच्या निम्मे असते आणि ते फुटत नाही, मात्र त्यावर ओरखडे लवकर पडतात. सर्व फ्रेम एकाच पट्टीच्या, साध्या आणि अरुंद ठेवा. सोनेरी नक्षीची पट्टी गुऱ्हाळाच्या धुरकट रंगांना मारून टाकते, असे माझे व्यवसायाच्या विरुद्ध जाणारे मत आहे, कारण त्याच पट्टीत आम्हाला चार पैसे अधिक मिळतात.

आता लावण्याविषयी. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५८ इंचांवर यावा. फ्रेमची उंची २३ इंच असेल आणि ताणलेली दोरी वरच्या कडेपासून तीन इंच खाली येत असेल, तर ५८ मध्ये साडेअकरा मिळवून तीन वजा करायचे. हूक साडेसहासष्ट इंचांवर येतो. लहानमोठ्या सर्व फ्रेमचा मध्य एकाच रेषेत ठेवला की भिंत शांत दिसते. गडद चित्रे, विशेषतः चुलवाणाची, खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नका. काचेत खिडकी दिसेल आणि जाळ दिसणार नाही.

उत्तर ३ (रसिकवाचक, मुंबई)

मी चित्रे विकत घेणारा माणूस आहे, श्रीमंत नाही, पगारातून वर्षाकाठी एखादे चित्र घेतो. किमतीबद्दल घेणाऱ्याच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

अनेक चित्रकार चौरस इंचाला दर लावतात. समजा, तो तीस रुपये धरला, तर १५ × २२ इंचांचे चित्र ९,९०० रुपयांचे होते आणि ११ × १५ इंचांचे ४,९५०. पण लहान चित्राला मेहनत निम्मी लागत नाही. त्यापेक्षा लांबी आणि रुंदीची बेरीज करून तिला दर लावावा. मोठ्या चित्राची बेरीज ३७, लहानाची २६. इंचाला २७० रुपये धरले तर किमती ९,९९० आणि ७,०२० येतात. हे आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून दिले आहेत, आपला दर आपणच ठरवावा. फ्रेमचा खर्च मात्र वेगळा सांगावा, कारण काहींना चित्र फ्रेमशिवाय न्यायचे असते. एकदा ठरलेली किंमत दालनात, घरी आणि ओळखीच्या माणसालाही तीच असावी. मी पूर्ण किंमत देऊन घेतलेले चित्र पुढच्या महिन्यात चित्रकाराच्या स्नेह्याला निम्म्या किमतीत मिळाले असे कळले, तर माझा त्या चित्रकारावरचा विश्वास उडतो.

दुसरी गोष्ट टिकाऊपणाची. ॲलिझरिन क्रिमसनसारखा रंग उजेडात फिका पडतो, याउलट गेरू जातीचे मातकट रंग, अल्ट्रामरिन, कोबाल्ट हे टिकतात. आपण कोणते रंग वापरले हे पावतीवर लिहिले तर घेणारा निर्धास्त होतो. पावतीवर चित्राचे शीर्षक, माध्यम, आकार, वर्ष आणि किंमत असावी. चित्र विकले म्हणजे त्याच्या प्रती छापण्याचा हक्कही विकला असे होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो हक्क लेखी दिल्याशिवाय चित्रकाराकडेच राहतो. अपवाद आहे तो कोणी मोबदला देऊन मुद्दाम करवून घेतलेल्या चित्राचा. तिथे वेगळा करार नसेल तर हक्क करवून घेणाऱ्याचा होतो. गुळाचे व्यापारी डब्यावर छापायला चित्र मागतील अशी शक्यता आहे, म्हणून हे सांगून ठेवतो.

फक्त गुऱ्हाळे लावण्याविषयी मला शंका आहे. पहिल्याच प्रदर्शनात फ्रेम, दालनाचे भाडे, निमंत्रणपत्रिका असा खर्च अंगावर येतो. एक भिंत घाटाला आणि डोंगराला द्यायला काय हरकत आहे?

उत्तर १ ला जोड (कुंचला, पुणे)

हरकत अशी, की ती एक भिंत प्रदर्शनाचे नाव काढून घेईल. घाटाची चित्रे विकायचीच असतील तर ती फ्रेम न करता, माऊंट करून, एका पोर्टफोलिओत टेबलावर ठेवावीत. ज्याला हवी तो चाळेल, भिंत मात्र गुऱ्हाळाचीच राहील. लहान आकाराची, कमी किमतीची काही गुऱ्हाळचित्रेही करून ठेवावीत. मोठे चित्र आवडलेला पण खिसा नसलेला माणूस रिकाम्या हाताने जाऊ नये.

उत्तर ४ (काहीलकाठ, पन्हाळा तालुका)

आमच्या घरात आजोबांपासून गुऱ्हाळ आहे. मला चित्रातले काही कळत नाही, पण विषय आमचा असल्यामुळे लिहितो.

जानेवारी म्हणजे ऐन हंगाम. त्या दिवसांत गुऱ्हाळावरचा माणूस सकाळी अकरा वाजता दसरा चौकात येऊ शकत नाही. दालनाच्या नियमात बसत असेल तर संध्याकाळी जितका वेळ उघडे ठेवता येईल तितका ठेवा, आणि निमंत्रण व्हॉट्सॲपवर पाठवून थांबू नका. ज्या गुऱ्हाळांवर बसून चित्रे काढली तिथे स्वतः जाऊन सांगा. आमच्याकडे बोलावणे घरी येऊन केले तरच ते बोलावणे मानतात.

चित्रांना ‘श्रम’, ‘गोडवा’ अशी नावे देऊ नयेत ही विनंती. चित्रात मळी काढत आहेत की रस स्वच्छ करायला भेंडीचे पाणी घालत आहेत, की पाक उतरायला आला आहे, ते लिहा. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, काय पाहून काहील उतरवायचा निर्णय घेतो हे शहरातल्या माणसाला ठाऊक नसते, आणि सगळा गूळ त्या एका निर्णयावर असतो. पाक थोडा आधी उतरला तर गूळ मऊ राहतो, थोडा उशीर झाला तर करपतो. तो माणूस कुठल्या तरी चित्रात नुसती पाठमोरी आकृती म्हणून नसावा. गुऱ्हाळे वर्षागणिक कमी होत चालली आहेत, मजूर मिळत नाहीत आणि ऊस कारखान्याला जातो. त्यामुळे हे काम कोणी डोळ्यांनी टिपून ठेवत असेल तर आम्हाला त्याचे मोल आहे.

उद्घाटनाला पाहुणे कोण हवेत ते तुम्ही ठरवा, पण एखाद्या जुन्या गुळव्याला पुढच्या रांगेत बसवा.

प्रदर्शनानंतर (जलरंगी, करवीर)

सर्वांची मनापासून आभारी आहे. प्रदर्शन पार पडले. तुमच्या सूचनांपैकी काय केले आणि काय घडले ते सविस्तर लिहिते, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

भिंतींवर फक्त गुऱ्हाळे लावली. चोवीस चित्रे झाली. घाट आणि डोंगर पोर्टफोलिओत ठेवले. घरच्यांना हे पटवायला वेळ लागला, पण वर्गात सर्व चित्रे मांडून दहा फुटांवरून दाखवल्यावर माझ्या यजमानांनीच खिद्रापूरची चित्रे उचलून बाजूला ठेवली. शीर्षके ‘काहीलकाठ’ यांनी सुचवल्याप्रमाणे कामाची दिली: ‘चरकातून रस’, ‘मळी काढताना’, ‘पाक वाफ्यात’. प्रवेशाशी एक लहान निवेदन लावले, तेही मराठीतच. त्यात मी गुऱ्हाळावर बसून चित्र काढते तेव्हा वाफेने कागद वाळत नाही, म्हणून तिथे फक्त पहिला थर देते आणि पुढचे काम बाहेर झाडाखाली करते, एवढेच लिहिले होते. आश्चर्य म्हणजे बहुतेकांनी त्यावरच प्रश्न विचारले.

उद्घाटन करवीर तालुक्यातील एका वयोवृद्ध गुळव्यांच्या हस्ते केले. माझे गुरुजी शेजारी होते, त्यांनी हा मान आनंदाने दिला. भाषणे दोनच झाली आणि तीही थोडक्यात. दीपप्रज्वलनानंतर ते आजोबा एकेका चित्रासमोर उभे राहून काहिलीतल्या फेसावरून रस किती आटला आहे ते सांगू लागले. एका चित्रापाशी त्यांनी सांगितले, की अजून थोडा वेळ आहे, आणि पुढच्या चित्रापाशी सांगितले, की ही उतरवायला हवी. मी चित्रे रंगसंगती पाहून लावली होती. दुसऱ्या दिवशी दालन उघडण्यापूर्वी एका भिंतीवरची सात चित्रे मी त्यांच्या क्रमाने, म्हणजे रसापासून रव्यापर्यंत, पुन्हा लावली. त्यासाठी दोन गडद चित्रे एकमेकांशेजारी आली, पण ती भिंत पाहायला लोक सर्वांत जास्त वेळ थांबत होते. रंगाचा तोल थोडा गेला तरी तो क्रम योग्य होता असे माझे ठाम मत झाले आहे.

रविवारी जलरंगाचे प्रात्यक्षिक ठेवले होते. इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला बसणारी बरीच मुले आली. वाफेसाठी कागद कोरा कसा राखायचा हे मी दाखवत असताना एका मुलीने विचारले, की धूर आणि वाफ वेगळी कशी दाखवायची. धूर खालून सुटून एका बाजूला कलतो आणि त्यात थोडा मातकट रंग असतो. वाफ काहिलीच्या पूर्ण तोंडावरून उठते आणि वर जाऊन नाहीशी होते. दोन्ही मी शेजारी शेजारी करून दाखवले.

विक्रीविषयी: मोठ्या चित्रांपैकी मोजकीच गेली, लहान मात्र जवळजवळ सर्व गेली. किमती लांबी-रुंदीच्या बेरजेने लावल्या होत्या, त्यामुळे लहान चित्रांतून फ्रेम आणि दालनाचा खर्च बराचसा निघाला. ‘रसिकवाचक’ यांनी इशारा दिल्याप्रमाणे एका व्यापाऱ्यांनी डब्यासाठी चित्र मागितले. मूळ चित्र आणि छापण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी त्यांना नम्रपणे सांगितले. त्यांनी ते मान्य करून परवानगीचे पत्र वेगळे करायचे ठरवले आहे.

आता एक नवा प्रश्न आहे. ज्या गावात सर्वाधिक चित्रे झाली, तिथल्या ग्रामस्थांनी हंगाम संपल्यावर हीच चित्रे गावातील मंदिराच्या सभामंडपात दोन दिवस मांडावीत असे सुचवले आहे. मला तिथे न्यायचीच आहेत. पण काचेच्या फ्रेम टेम्पोतून कशा न्याव्यात, आणि सभामंडपात भिंतींना खिळे ठोकता येणार नाहीत तर चित्रे लावावीत कशी?

उत्तर (चौकटकार, सांगली)

फ्रेम टेम्पोत आडव्या रचू नका. उभ्या ठेवा, काचेला काच आणि पाठीला पाठ अशा जोड्यांनी, मध्ये पुठ्ठा घालून, आणि जोडी दोरीने बांधून. काचेवर मास्किंग टेपच्या तिरप्या पट्ट्या मारल्या तर काच फुटली तरी तुकडे चित्रावर पडत नाहीत. ॲक्रिलिकवर मात्र टेप लावू नये. फ्रेमच्या चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे त्रिकोण बसवा, कारण मार नेहमी कोपऱ्यालाच लागतो. सर्वांत खाली गादी टाका, बाजूने चित्रे हलणार नाहीत अशी आवळून घ्या.

सभामंडपाच्या खांबांना आडवे बांबू बांधून त्यांवरून एस-हूकने फ्रेम सोडता येतील. बांबू साडेसहा फुटांवर बांधा आणि दोरीची लांबी कमीजास्त करून चित्राचा मध्य ५८ इंचांवर आणा. मंडप उघडा असेल तर दुपारी ऊन कोणत्या बाजूने आत येते ते आदल्या दिवशी जाऊन पाहा आणि त्या बाजूला चित्रे लावू नका. हंगाम संपल्यावर म्हणजे मार्च-एप्रिल उजाडेल, तेव्हा वळवाच्या पावसाचाही विचार हवा: ताडपत्री जवळ ठेवा आणि रात्री चित्रे शाळेच्या किंवा कोणाच्या तरी घराच्या बंद खोलीत न्या. तारीख ठरली की कळवा. सांगलीहून मी हूक, दोरी आणि जादा दोन काचा घेऊन येईन.